मॉनिटर काढला म्हणजे नेमकं काय काढलं? विक्रोळीतल्या एका स्लो लॅपटॉपची केस

फोनवर तक्रार आली ती अशी: "दादा, मॉनिटर लावला की लॅपटॉप रांगायला लागतो. काढला की एकदम नीट. दोन ठिकाणी दाखवून झालं, आता घरी येऊनच बघा."

फोन करणाऱ्या ताई डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावण्याचं काम, करतात. दिवसा दादरला एका छोट्या प्रकाशनाच्या ऑफिसात आणि संध्याकाळी घरी, विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, बाहेरून घेतलेली कामं. जुलै संपत आला होता. दिवाळी अंकांची पानं लावण्याचं काम याच दिवसांत सुरू होतं आणि ऑक्टोबरपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते. अशा वेळी रोज संध्याकाळचे दोन-तीन तास वाया जाणं म्हणजे सरळ पोटावर पाय. लॅपटॉप दुरुस्तीच्या कामात मला बारा वर्षं झाली, पण ही केस पूर्ण लिहून ठेवावीशी वाटली. कारण यात तक्रार खरी होती, ताईंचं निरीक्षण खरं होतं, तरी त्यावरून सगळ्यांनी काढलेला निष्कर्ष चुकला होता. पहिल्या दिवशी माझाही.

आधी सामान सांगतो. १४ इंची पातळ लॅपटॉप, दोन वर्षांचा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स. कडेला टाइप-सीची दोन पोर्ट आणि जुनं चौकोनी यूएसबी एकच. एचडीएमआय पोर्ट नाही, त्यामुळे मधे एक हब. हबला मॉनिटरची एचडीएमआय केबल, कीबोर्ड, माउस, पेन ड्राइव्ह आणि लॅपटॉपचा ६५ वॉटचा चार्जर, असं सगळं एकाच ठिकाणी. हबची एकच शेपटी लॅपटॉपमध्ये गेली की टेबल तयार. मॉनिटर २७ इंची, फोरके, सहा महिन्यांपूर्वी घेतलेला. समोरासमोरची दोन पानं एकत्र बघता यावीत म्हणून ताईंनी साठवलेल्या पैशांतून घेतला होता.

आधीच्या दोन दुकानांपैकी पहिल्याने विंडोज फॉरमॅट केलं. फरक शून्य, वर सगळे मराठी फॉन्ट आणि पानांचे साचे परत बसवण्यात ताईंचे दोन दिवस गेले. दुसऱ्याने ८ जीबीची रॅम १६ करून दिली. "मॉनिटर मोठा आहे, रॅम पुरत नाही," हे त्याचं निदान. ते अगदी अडाणीपणाचं नव्हतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की चित्रासाठी लागणारी मेमरी रॅममधूनच जाते. लॅपटॉपच्या स्वतःच्या फुल एचडी पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात, तर फोरके मॉनिटरवर सुमारे ८३ लाख. म्हणजे दोन्ही पडदे चालू असतील तर मॉनिटर जोडताच ग्राफिक्सवरचं काम पाचपट होतं. शिवाय रॅमची एकच पट्टी असेल तर मेमरीकडे जायचा रस्ताही एकपदरी असतो. दुसरी पट्टी घातली की तो दुपदरी होतो. मीही तिथे असतो तर हा सल्ला कधी ना कधी दिला असता. पण तो या दुखण्याचा इलाज नव्हता. रॅम वाढवून आठवडा झाला तरी संध्याकाळी तेच रडगाणं चालू होतं.

पहिली फेरी, रविवार

मी रविवारी सकाळी गेलो, कारण त्यांना आणि मला दोघांनाही तीच वेळ सोयीची होती. हब लावला, मॉनिटर पेटला. एकशे साठ पानांची फाइल उघडली, फोटोंची पानं वरखाली केली, मागे व्हिडिओ चालू ठेवला. दोन तासांत लॅपटॉप एकदाही अडखळला नाही. सासूबाईंनी दोनदा चहा दिला. माझ्यासमोर यंत्र नेमकं शहाण्यासारखं वागतंय म्हणून ताई बिचाऱ्या अवघडून गेल्या होत्या.

उष्णतेचा संशय तिथेच घेऊन ठेवला. ताई लॅपटॉपचं झाकण बंद करून तो मॉनिटरखालच्या फळीत सरकवतात. मागे भिंत, वर फळी, त्यात पावसाळ्याची दमट हवा. मी झाकण उघडायला लावलं, लॅपटॉप फळीबाहेर काढला, पंख्यातली धूळ साफ केली आणि "असाच वापरून बघा" म्हणून निघालो. तो सल्ला आजही बरोबरच आहे, पण निदान म्हणून तो घाईचा होता. मंगळवारी रात्री मेसेज आला: "परत तेच."

तेव्हा मी पहिल्याच फोनवर विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला: कधी होतं? कुठल्या दिवशी, किती वाजता, आणि आपोआप बरं होतं का?

उत्तर ऐकून मी वही काढली. सोमवार ते शनिवार, संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर. हब लावून पाच-सात मिनिटं झाली की सुरू. रात्री दहा-साडेदहानंतर बहुतेक वेळा आपोआप सुधारतं. रविवारी कधीच नाही. ताईंच्या घरी यावर एक मत ठरूनही गेलं होतं: संध्याकाळी अख्खी बिल्डिंग वायफायवर असते, रात्री सगळे झोपले की मोकळं होतं. पण पान लावायला इंटरनेट लागत नाही. आणि वायफायचा दोष असता तर हब काढल्यावर लॅपटॉप सुधारला नसता.

संध्याकाळ आणि रविवार यांत वेगळं काय? मी विचारलं, "ऑफिसात लॅपटॉप चार्ज करता का?"

"छे, चार्जर घरीच असतो, हबला लावलेला. विक्रोळी ते दादर गर्दीच्या लोकलमध्ये बॅग जितकी हलकी तितकं बरं. बॅटरी दिवसभर पुरते."

म्हणजे रोज संध्याकाळी घरी पोचणारा लॅपटॉप जवळपास रिकाम्या बॅटरीचा, आणि रविवारी सकाळी पाहिलेला रात्रभर चार्ज झालेला.

बुधवार, संध्याकाळी पावणेआठ

बुधवारी मी ताईंच्या आधीच पोचून बसलो. त्या आल्या, पाय धुतले आणि मला म्हणाल्या, "करू सुरू?" बॅटरी १४ टक्के. हब लावला, मॉनिटर पेटला, फाइल उघडली. सहाव्या मिनिटाला ते घडलं.

हे मला जवळून बघायला मिळालं याचं समाधान आहे, कारण नुसतं 'स्लो' म्हटल्याने त्याची कल्पना येत नाही. ताई एका लेखाच्या शीर्षकात 'ज्ञानेश्वरी' टाइप करत होत्या. आधी नुसता 'ज' आला. मग त्याच्या पायाशी हलन्त. मग क्षणभर काहीच नाही, आणि मग ते दोन्ही मोडून 'ज्ञ' तयार झालं. एरवी डोळ्याला कधीच न दिसणारी जोडाक्षराची घडण आम्ही टप्प्याटप्प्याने पाहत होतो. ताईंची बोटं तोवर शब्द संपवून थांबली होती. वीस वर्षं टायपिंग करणाऱ्या बाईला पडद्याची अशी वाट बघावी लागणं काय असतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

टास्क मॅनेजर, म्हणजे यंत्र कशात किती गुंतलंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडायलाच अर्धा मिनिट गेला. परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, वापर १६-१७ टक्के. इथेच आधीचे दोघं फसले असणार. सीपीयू तर रिकामा बसलाय, मग दोष विंडोजचा नाहीतर रॅमचा, असं कुणालाही वाटेल. पण त्याच पानावर खाली 'स्पीड' नावाचा आकडा असतो, तो होता ०.३९ गिगाहर्ट्झ. या प्रोसेसरचा मूळ वेग २.४. ताईंच्या विंडोजमध्ये तिथली टक्केवारी मूळ वेगाच्या हिशेबात मोजली जात होती. म्हणजे ०.४ च्या वेगाने जिवाच्या आकांताने धावणारा प्रोसेसरही १७ टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. तो रिकामा नव्हता, त्याचे पाय बांधलेले होते.

आता कुणी बांधले? तापमान पाहिलं, ५८ अंश. उष्णतेमुळे वेग उतरतो तेव्हा प्रोसेसर पंचाण्णव-शंभर अंशांच्या आसपास असतो, पंखा किंचाळत असतो आणि वेग हेलकावे खात दीड-दोन गिगाहर्ट्झच्या घरात राहतो. इथे पंखा शांत आणि वेग ०.३९ वर खिळलेला. उष्णता बाद. हबच्या चित्राचा प्रकारही तपासला. काही अडॅप्टर जुन्या चौकोनी यूएसबीतून चित्र नेतात. त्यांना वेगळा ड्रायव्हर लागतो आणि प्रत्येक चित्र दाबून बारीक करायचं ओझं प्रोसेसरवर पडतं. ताईंचा हब त्यातला नव्हता. तो टाइप-सीमधून येणारं ग्राफिक्सचं चित्र फक्त एचडीएमआयच्या रूपात पुढे देत होता. तेही बाद.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला. सिस्टिमच्या नोंदींत 'कर्नेल-प्रोसेसर-पॉवर' या नावाखाली ३७ क्रमांकाची नोंद, प्रत्येक कोअरसाठी एक. तिचा अर्थ असा की प्रोसेसरचा वेग सिस्टिमच्या फर्मवेअरने, म्हणजे विंडोजच्याही खाली मदरबोर्डमध्येच बसवलेल्या प्रोग्रामने, मर्यादित केला आहे. मागे जात गेलो तर जवळपास प्रत्येक कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसात ते आठच्या दरम्यान तीच नोंद. रविवार कोरे. विंडोजला स्वतःला यात काही करता येत नव्हतं. खालून, मदरबोर्डच्या पातळीवरून, "हळू चाल" असा हुकूम येत होता. फॉरमॅट करून काही न होण्याचं कारण हेच.

आणि आता या केसचा कणा. मी ताईंना म्हटलं, "तुम्ही मॉनिटर काढता म्हणजे काय करता, ते करून दाखवा." त्यांनी हात घातला तो लॅपटॉपमध्ये खुपसलेल्या हबच्या शेपटीला. मी थांबवलं. हब तसाच ठेवला आणि हबमधून फक्त मॉनिटरची एचडीएमआय केबल उपसली. मॉनिटर काळा झाला. लॅपटॉपच्या पडद्यावर वेग ०.३९. एक मिनिट थांबलो, दोन मिनिटं थांबलो, ०.३९ च.

एचडीएमआय परत लावली. आता हबमधून चार्जर काढला. मॉनिटर चालू, फोरके चित्र चालू, लॅपटॉप १९ टक्के बॅटरीवर. अर्ध्या मिनिटात वेग २.८ झाला आणि फाइल लोण्यासारखी सरकायला लागली.

"चार्जर काढल्यावर फास्ट?" ताई दोनदा म्हणाल्या.

इतके दिवस 'मॉनिटर काढला' असं म्हणताना प्रत्यक्षात निघत होता अख्खा हब, आणि त्याच्याबरोबर हबमधून येणारी वीज. हब काढल्यावर ताई चार्जर सरळ लॅपटॉपला लावायच्या, म्हणून सगळं नीट चालायचं. मॉनिटर या सगळ्यात फक्त शेजारी उभा होता.

४५ वॉट कुठून आले

माझ्या बॅगेत टाइप-सीचा छोटा मीटर असतो. केबलच्या मधे लावला की किती व्होल्ट आणि किती अँपिअर जातायत ते दिसतं. तीन ठिकाणी मोजलं.

चार्जरवर लिहिलंय २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर. गुणाकार ६५ वॉट. पण चार्जरची मूळ केबल दोन महिन्यांपूर्वी टोकाशी उघडी पडली होती, म्हणून ताईंनी मोबाइलची दोन मीटरची केबल लावली होती. दोन्ही टोकं टाइप-सी, दिसायला सारखीच. फरक आत असतो. ३ अँपिअरच्या वर वीज न्यायची तर केबलच्या डोक्यात एक ओळख देणारी चिप लागते. ती नसली की चार्जर ३ अँपिअरलाच थांबतो, म्हणजे ६० वॉट. ही चूक नाही, केबल तापून जळू नये म्हणून केलेली सोय आहे. पण पाच वॉट तिथेच गेले.

मग मधे हब. हबला स्वतःला वीज लागते, पेन ड्राइव्हला, कीबोर्डला द्यावी लागते. म्हणून बरेच हब येणाऱ्या विजेतून एक वाटा आधीच स्वतःसाठी राखून ठेवतात आणि लॅपटॉपला उरलेलंच कबूल करतात. ताईंच्या हबच्या पाठीवर बारीक अक्षरांत ते लिहिलेलंही होतं: स्वतःसाठी १५ वॉट. ६० मधून १५ गेले. लॅपटॉपला सांगितले गेले ४५. मीटरवर २.२ अँपिअरच्या आसपास आकडा फिरत होता, म्हणजे ४४-४५ वॉटच.

बॅटरी भरलेली असेल तर ४५ वॉट पुरेसे असतात. पानं लावण्याच्या कामात सरासरी खप त्याहून बराच कमी असतो, आणि एखादी मोठी फाइल उघडताना क्षणभर जास्त लागलं तर ती तूट बॅटरी भरून काढते. रविवार नीट जायचा तो यामुळे. पण बॅटरी चौदा टक्क्यांवर असली की गणित उलटतं. तीच विजेचा मोठा वाटा मागते आणि तूट भरून द्यायला तिच्याकडे काही नसतं. अशा वेळी या लॅपटॉपचं फर्मवेअर धोका पत्करत नाही, प्रोसेसरलाच खाली दाबतं. सगळे लॅपटॉप इतके कडक नसतात. काही थोडाच वेग उतरवतात, काही नुसती बॅटरी हळू भरतात. रात्री दहापर्यंत बॅटरी बऱ्यापैकी भरली की दाब उठायचा, आणि घरातल्यांना वाटायचं की वायफाय मोकळं झालं.

विंडोज याची सूचना देतं, 'स्लो चार्जर' म्हणून. पण ऑफिसच्या ग्रुपवरच्या मेसेजांनी लक्ष विचलित होतं म्हणून ताईंनी सगळ्याच सूचना बंद केल्या होत्या. काम करणाऱ्या माणसाने ते करणं अगदी रास्त आहे. पण दोन्ही दुकानांनी संध्याकाळच्या बॅटरीसकट, हबसकट, त्याच केबलसकट हे टेबल एकदा तरी बघायला हवं होतं. नुसता लॅपटॉप दुकानात आणून ठेवायला सांगितला की दुखणं घरीच राहतं. फॉरमॅटचे पैसे, रॅमचे पैसे आणि त्या बाईचे दोन दिवस, यांचं मला खरंच वाईट वाटतं.

त्या संध्याकाळचा इलाज फुकटात झाला. लॅपटॉपचं दुसरं टाइप-सी पोर्ट उजव्या कडेला होतं. कडेवर चिकटवलेल्या शोभेच्या फिल्मखाली त्याच्याजवळची चार्जिंगची खूण झाकली गेली होती, म्हणून ताई ते फक्त पेन ड्राइव्हचं समजत होत्या. चार्जर हबमधून काढून सरळ तिथे लावला, हब फक्त चित्रासाठी ठेवला. बॅटरी १८ टक्के, मॉनिटर चालू, वेग ३ च्या वर. तासभर तसंच काम करवून घेतलं. शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून १०० वॉटची, चिप असलेली केबल आणली. मीटरवर ६३ वॉट दिसले.

माउस अजून जड

प्रकरण इथे संपलं असं मी समजलो होतो. पण नवी केबल लावून झाल्यावर ताई म्हणाल्या, "आता टायपिंग मस्त. पण मोठ्या पडद्यावर माउस अजून जड वाटतो. मघाशी बोलले नाही, तुम्हाला वाटेल हिचं समाधानच होत नाही."

बोलल्या हे फार बरं झालं, कारण तो दुसरा, स्वतंत्र दोष होता आणि तो मात्र खरोखर मॉनिटरच्या बाजूचा होता. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्डच्या पानावर मॉनिटरचा रिफ्रेश रेट पाहिला तर ३० हर्ट्झ. लॅपटॉपचा पडदा ६० चा. म्हणजे लॅपटॉपवर चित्र दर १७ मिलिसेकंदांनी बदलतं, मॉनिटरवर ३३ नी. आकडा बारीक वाटतो, पण शब्दांच्या मधे कर्सर नेमका ठेवायचा असेल तर हाताला तो उशीर कळतो. लॅपटॉप पूर्ण वेगात असतानाही मोठा पडदा ओढल्यासारखा वाटतो तो यामुळे.

कारण परत हबच. टाइप-सीमध्ये वेगवान डेटाच्या चार वाटा असतात. हा हब त्यातल्या दोन चित्राला देतो आणि दोन यूएसबीला. दोन वाटांतून त्याला फोरके चित्र सेकंदाला तीसदाच नेता येत होतं. त्याचं एचडीएमआयही १.४ होतं, म्हणजे २००९ सालचं मानक, आणि त्याचीही फोरकेची मर्यादा ३० च आहे. तात्पुरतं मी मॉनिटर कमी रिझोल्युशनला, ६० हर्ट्झवर ठेवून दाखवला. माउस हलका झाला, पण अक्षरांच्या कडा किंचित भुरकट झाल्या. ताईंनी एक नजर टाकली आणि मान हलवली. मात्रेची जाडी डोळ्याने ओळखणाऱ्या माणसाला ते चालणार नव्हतंच, आणि मीही आग्रह धरला नाही.

शेवटी हबमधून चित्र पूर्ण काढून टाकलं. टाइप-सीवरून सरळ मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टमध्ये जाणारी एक केबल घेतली. तिच्यात चारही वाटा चित्राला मिळतात, आणि फोरके ६० वर आलं. एका टाइप-सीत मॉनिटर, दुसऱ्यात चार्जर. कीबोर्ड, माउस आणि पेन ड्राइव्हसाठी चौकोनी यूएसबीला लागणारा साधा चार तोंडांचा हब. टेबलावर एकाऐवजी तीन वायरी आल्या आणि लॅपटॉप उचलताना आता तीन ठिकाणी हात घालावा लागतो. ताईंना ते पहिले दोन दिवस खटकलं, नंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

रॅम तशीच ठेवली. फोरकेवर दीडशे पानांची फाइल उघडी असताना १६ जीबी आणि दोन पट्ट्या उपयोगी पडतायत, ते टास्क मॅनेजरमध्ये दिसतं. लॅपटॉप अजून झाकण उघडं ठेवून, फळीबाहेरच चालतो. दादरला ठेवायला एक दुसरा चार्जर घ्या, रोज बॅटरी चौदा टक्क्यांपर्यंत उतरवू नका, असं मी दोनदा सांगितलंय. दिवाळी अंकाचे पैसे आले की घेईन, असं त्या म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका कामासाठी त्याच बिल्डिंगमध्ये गेलो होतो, तेव्हा वर जाऊन इव्हेंट व्ह्यूअर पुन्हा उघडून पाहिला. ३७ क्रमांकाची शेवटची नोंद त्या बुधवारचीच होती, संध्याकाळी ७ वाजून ५३ मिनिटांची.